हलगी ज्या दारात थांबेल

परवा आमच्या अंगणात यात्रा कमिटीची चार पोरं येऊन बसली. पोरं म्हणजे दोघांना नातवंडं आहेत, पण मी त्यांचे शेंबूड पुसलेत, तेव्हा पोरंच. माझा मुलगा भाऊसाहेब त्यांच्या शेजारी पाय हलवत बसला होता. तो पाय हलवायला लागला की समजावं, ह्याला माझ्याशी काहीतरी बोलायचंय आणि धीर होत नाहीये. चहा आला. यंदा डीजे कुठला, हगाम्याला पैलवान कुठले, यावर बोलून झालं. शेवटी एकानं बशी खाली ठेवली आणि फार मऊ आवाजात विचारलं, "काकू, तुमच्यानंतर देवळात बसायचं कुणी?"

मी म्हटलं, "माझ्यानंतर म्हणजे चहानंतर का?"

कुणी हसलं नाही. भाऊसाहेबाचा पाय थांबला. आणि मला गजराक्काची अशी काही आठवण आली की चहाचा ठसकाच लागला. ती असती तर त्या पोरांना म्हणाली असती, "सरळ मेल्यावर म्हणा की. नंतर काय?"

गजराक्का माझी थोरली जाऊ. सख्खी नव्हे, चुलत. पण आमच्या दोन घरांत भिंत एकच आणि भांडण एकच, त्यामुळे सख्खीपेक्षा जवळची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. होती तोवर मी तिला अहो-जाहो करत असे. "मेल्यावर तरी अगं म्हण मला, लई जड हुतं ते अहो," असं तिनंच सांगून ठेवलंय, म्हणून इथं अगं-तुगं. कुणी "कशा आहात अक्का?" विचारलं तर तिचं एकच उत्तर असायचं, "अजून हाय." तब्येत बरी असली तरी तेच, तापानं फणफणली असली तरी तेच. ते ती असं म्हणायची, की विचारणाऱ्याला वाटावं आपण हिच्या घरातून काहीतरी न्यायला आलोय आणि पकडले गेलोय.

आमचं गाव भीमेच्या काठाला. नदीच्या ह्या अंगाला दौंड तालुका, पलीकडं शिरूर. चैत्रात मळाईची यात्रा असते. मळाई म्हणजे आमची गावदेवी, दगडाचीच, डोळे तेवढे चांदीचे. यात्रेदिवशी सकाळी आमच्या भावकीतली एक बाई देवीला पहिलं पाणी घालते, पहिली ओटी भरते, आणि मग दिवसभर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी घोंगडीवर बसते. दर्शनाला येईल त्या बाईला तिनं हळदीकुंकू लावायचं. उपाशी राहायचं. देवीकडं पाठ करायची नाही. संध्याकाळी पालखी नदीवरून परत येईपर्यंत उठायचं नाही. हा बसण्याचा मान. तो कुठं लिहून ठेवलेला नाही. सकाळी हलगीवाले वाजवत भावकीच्या आळीत येतात, ज्या दारात हलगी थांबते त्या घरची बाई त्यांच्यामागं चालत देवळात जाते, आणि तीच बसते. एकदा हलगी थांबली की मग त्यात कुणाचं काही चालत नाही. जी बसते ती मरेपर्यंत बसते. नवरा आधी गेला तर मात्र तिनं उठायचं आणि भावकीतल्या पुढच्या सुवासिनीनं बसायचं. एवढे दोनच नियम. गजराक्कानं दोन्ही मोडले, आणि दोन्ही वेळा मला तोंडावर आपटवून.

मी लग्न होऊन आले ती दौंडाहून. वडील रेल्वेत फिटर. जंक्शनच्या गावात वाढलेल्या आणि मॅट्रिक झालेल्या मुलीला खेड्यातल्या बायका काय शिकवणार, असा माझा समज होता. पहिल्या आठवड्यात मी "आमच्या दौंडला" इतक्या वेळा म्हटलं की नणंदांनी माझं नावच "आमच्या दौंडला" ठेवलं. "आमच्या दौंडला उठली का?" "आमच्या दौंडलाला भाकरी थापता येती का?" मला वाटायचं, ह्या जळतात.

पहिल्याच यात्रेला हलगी आमच्या दारावरून पुढं गेली आणि शेजारच्या दारात थांबली. गजराक्का बाहेर आली. हिरवं नऊवारी, कपाळभर कुंकू, कमरेवर पितळी घागर. उंच, हाडापेरानं दांडगी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, आणि हसताना तोंडावर पदर घ्यायची नाही. आळी दोन्ही बाजूंना सरली. पांढऱ्या मिशांची माणसं तिच्या पाया पडली. तेव्हापासून मी जी जळायला लागले ती पुढं कितीतरी वर्षं विझले नाही. मला वाटलं, ही अंगठा उठवणारी बाई, आणि मी मॅट्रिक. हा मान माझ्या अंगावर किती खुलून दिसेल. दुपारी घर सामसूम झालं की मी डोक्यावर पदर घेऊन, कमरेवर दुधाची किटली ठेवून माजघरात संथ चालून बघायची. एकदा सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "पाय मुरगळला का गं?"

गजराक्काला माझ्या मनातलं सगळं कळत होतं. तिच्याकडं कोंबड्या होत्या आणि प्रत्येकीला तिनं सासरच्या माणसांची नावं दिली होती. सगळ्यांना उगाच टोचणारी काळी, तिचं नाव आत्याबाई, म्हणजे आमची मरून गेलेली आजेसासू. दाणे टाकले की एकटीच पंख पसरून उभी राहणारी, ती थोरल्या वन्सं. आणि एक तांबडी होती. ती मोठ्या रुबाबात अंड्यांवर बसून राहायची, कुणी जवळ गेलं की फुगायची, आणि तिच्याखालून एकही पिल्लू कधी निघालं नाही. ती शकू. शकू म्हणजे मी. हे कळल्यावर मी आठवडाभर गजराक्काशी बोलले नाही. शेवटी तीच पदराखाली एक अंडं घेऊन आली. "घे, शकूचं हाय. तुझ्याच हातानं खा."

यात्रेच्या रात्री तिचे पाय चेपायचं काम माझ्याकडं असायचं. दिवसभर मांडी घालून पाय लाकडासारखे झालेले असायचे. असंच एकदा चेपताना मी म्हटलं, किती भाग्य हो तुमचं अक्का, सगळं गाव पाया पडतं. ती भिंतीला टेकून भेळ खात होती. कुणीतरी दुपारी आणून ठेवलेली, सादळून गोळा झालेली.

"बसल्या जागेवरनं मला काय दिसतंय ठाव हाय का तुला?" ती म्हणाली. "पुढं मळाई. आन् उजव्या अंगाला ती जाळीची खिडकी. खिडकीतनं यात्रेतलं काय दिसावं? पाळण्याचा सगळ्यात वरचा झोपाळा. तेवढाच. माणसं वर येत्यात, हसत्यात, खाली जात्यात. एवढी वरसं नुसती वरची माणसं बघितली मी. ती खालनं चढत्यात कशी, उतरल्यावर काय म्हणत्यात, काय ठाव न्हाई. बैलगाडा पळताना बघितला न्हाई. आन् ही भेळ. कुरकुरीत असती का गं ही?"

मला वाटलं, मोठ्या माणसांचं असंच. पोटभर गोड खाऊन झालं की गोडाला नावं ठेवायची.

मग थोरले दादा, म्हणजे तिचे मालक, गेले. ऊस तोडणीच्या दिवसांत, शेताच्या बांधावर बसल्या बसल्या. चौदाव्या दिवशी त्यांचे कपडे वाटले, घोंगडी वाटली, पण चपला तिनं कुणाला दिल्या नाहीत. मोठ्या, जाड तळव्याच्या, चालताना फटक फटक वाजणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या घालून ती पाण्याला निघाली. आम्ही बघत राहिलो. ती म्हणाली, "ह्यांच्या मागनं चालण्यात जलम गेला. आता जरा ह्यांच्या चपलांतनं चालते."

यात्रा जवळ आली तसे कमिटीचे आप्पा तिच्याकडं आले. आप्पा म्हणजे आमच्या दोघींचा चुलत दीर, कमिटीचा कायमचा अध्यक्ष, टोपीला रोज इस्त्री. त्यांनी फार आदरानं सांगितलं, की अक्का, आता तुम्ही उठायचं, शकूनं बसायचं, रीत आहे, नाहीतर शोभत नाही. गजराक्का काही बोलली नाही. चहा दिला. ती गप्प बसली म्हणजे तिनं मान्य केलं, असं समजणारी माणसं कमिटीवरच असतात. आणि आमच्या घरात एक होती, मी.

मी शिरूरला जाऊन मोरपंखी नऊवारी आणलं. घागर चिंचेनं अशी घासली की तिच्यात नाक दिसावं. यात्रेदिवशी उजाडायच्या आत न्हाऊन, गजरा माळून, दारात पाट मांडून बसले. कमिटीनं हलगीवाल्यांना माझं दार सांगून ठेवलं होतं. लांबून हलगी ऐकू आली. आळीच्या तोंडाशी आली. माझ्या छातीत तिच्यापेक्षा जोरात वाजत होतं. मी उठले, पदर सारखा केला, घागर कमरेवर घेतली आणि चेहऱ्यावर देवळात जायचा भाव आणला. हलगी माझ्या दारासमोर आली आणि पुढं गेली. शेजारच्या दारात थांबली.

हलगीवाले नंतर म्हणाले, पाय सवयीनं वळले हो. मी गजराक्काला पुढं कितीदा विचारलं, तुम्ही त्यांना आदल्या दिवशी काही सांगितलं होतं का. ती म्हणायची, "पायाला कुणी काय सांगतं व्हय?"

ती बाहेर आली. तेच हिरवं नऊवारी, तीच घागर, कपाळ मोकळं, पायात दादांच्या चपला. माझ्या दारापाशी क्षणभर थांबली, मला खालून वर बघितलं आणि म्हणाली, "साडी झ्याक हाय. ये मागनं." आणि मी, हातात रिकामी घागर घेऊन, तिच्यामागून गेले. दुसरं काय करणार होते? आत जाऊन रडले असते तर गजरा वाया गेला असता.

देवळाच्या दारात आप्पा आडवे उभे होते. त्यांना मोठ्यानं बोलता येईना, सगळा गाव जमलेला. हळू आवाजात म्हणाले, "अक्का, असं करू नका. तुमचं कुंकू ऱ्हायलं न्हाई."

गजराक्काला हळू बोलता येतच नसे. "नवरा मेलाय माझा आप्पा, मी न्हाई. आन् मळाईला कुठं नवरा हाय? ती बसली का न्हाई एवढी वरसं?"

आप्पांनी देवीकडं बघितलं. देवी चांदीच्या डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत होती. ते बाजूला झाले.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. पाणी घातलं, ओटी भरली, ती घोंगडीवर बसली, हळदीची वाटी पुढं घेतली, आणि बायकांची रांग जागची हलेना. विधवेच्या हातचं कुंकू पहिलं कोण लावून घेणार? गजराक्का वाटीत बोट बुडवून वाट बघत होती. मला बाजूनं दिसलं, तिनं बोट बाहेर काढलं, पुसलं आणि पुन्हा बुडवलं. तिला घुटमळताना मी तेवढं एकदाच पाहिलं. आता इथं मी लिहिणार होते की मी मोठ्या मनानं पुढं झाले. पण खरं असं, की रांगेत मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि मी मोरपंखी नऊवारीसकट घोंगडीवर जाऊन आदळले. तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं. मागच्या बायकांना वाटलं, ज्या बाईचा मान गेला तीच पुढं झाली, मग आपलं काय जातंय. रांग सुरू झाली. त्या धक्क्याच्या जोरावर मी पुढं कितीतरी वर्षं गावात मोठ्या मनाची म्हणून मिरवले.

पुढं गाव बदललं. गजराक्काच्या मुलांनी रस्त्याकडेला खोल्या बांधल्या, त्यात कुरकुंभच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी बिहारकडची माणसं राहायला आली. त्यातल्या एकाची बायको रिंकू, लहानखुरी, बोलायची कमी. गजराक्का तिच्याशी स्वतःच तयार केलेल्या हिंदीत बोलायची. "आप बैठो, हम चाय करती. दूध न्हाई हाय, काला पिओ." रिंकू हरभरे भाजून त्याचं पीठ करायची आणि पाण्यात कालवून प्यायची. ते बघून गजराक्का हळहळली, की बिचारीला पिठलं शिजवायला कुणी शिकवलं नाही. मग एक दिवस तिनं आपलं जातं उचलवून रिंकूच्या खोलीत नेऊन ठेवलं. सुना बघत राहिल्या. जात्याला तिनं हळदीकुंकू वाहिलं, बाजारात विकलेल्या बैलाची पाठ थोपटावी तसं थोपटलं आणि म्हणाली, "लई दळलंस बाई माझं. माझ्या पोरांचं, सासवांचं, दिवाळी-दसऱ्याचं. उपकार झाले. आता हिचं दळ." तेवढंच. मागं वळून बघितलं नाही. कोंबड्याही अशाच दिल्या, प्रत्येकीचं नाव सांगून.

असं तिनं एकेक सोडायला घेतलं. घर रिकामं होत गेलं तशी तिची चाल हलकी झाली. एखादी म्हातारी सामान वाटायला लागली की लोकांना वाटतं तिला काहीतरी कळलंय. शेजारपाजारचे डोळ्यांत पाणी आणून भेटायला येऊ लागले. "कसं वाटतंय अक्का?" ती म्हणायची, "अजून हाय. बसा, तुमाला परात देते."

मधल्या काळात आमचे हे गेले. दिवस सगळे सारखेच असतात तेव्हाचे, ते मी लिहीत नाही. गजराक्का आली, माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसली. मग उठली, कोपऱ्यातल्या ह्यांच्या चपला आणून माझ्या पावलांपाशी ठेवल्या आणि म्हणाली, "टाकू नको. घालून बघ." आमच्या ह्यांचा पाय माझ्यापेक्षा लहान. टाच बाहेर राहिली. तिनं बघितलं, मी बघितलं, आणि त्या सुतकाच्या घरात आम्ही दोघी अशा हसलो की भाऊसाहेब धावत आत आला.

त्यानंतरच्या यात्रेच्या तोंडावर तिनं भावकीला देवळात बोलावलं आणि सांगितलं, की यंदापासून मी बसणार नाही. मान दुसरीला द्या, मला यात्रा बघायचीय.

आधी कुणाला कळेचना. आप्पा आता काठी टेकत होते. ते म्हणाले, जिवंतपणी मान कुणी सोडत नाही, देवीचा कोप होईल. शिवाय द्यायचा कुणाला? थोरली सून शिक्रापूरला, तिला उपास सोसत नाही. धाकटीचं पार्लर, आणि यात्रेदिवशी गिऱ्हाइकांपायी तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. आप्पांनी हात जोडले. "अक्का, शेवटपर्यंत तुमीच बसा. तुमच्याबिगर आता शोभा न्हाई."

"आप्पा, मागं तुमीच म्हणला व्हता, शोभत न्हाई."

लोक हसले. पण बधले नाहीत. नको नको म्हणत सगळे उठले, जाताना तिच्या पाया पडले. ती खांबाला टेकून बसून राहिली. तिला मी इतकी एकटी कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, राहू द्या हो अक्का, आता किती वर्षांचा प्रश्न आहे. माझ्या तोंडून गेलं खरं, आणि तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ चावली.

"किती वरसाचा परश्न हाय, म्हणून तर म्हणते," ती म्हणाली. "मेल्यावर जाईल तो मान काय मी दिला? तो माझ्या हातातनं गळला. द्यायचा तर हातात जोर हाय तवर द्यायचा. आन् मला एकदा त्या पाळण्यात बसायचंय. सांगितलं न्हाई त्यास्नी. हसली असती मेली."

यात्रेचा दिवस उजाडला. आता मी काही पाट मांडून बसले नव्हते. ती हौस कधीच वाळून गेली होती. मी मागच्या मोरीपाशी, अंगात जुना गाऊन, डोक्याला ओली मेंदी थापून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसले होते. हलगी आळीत आली. सवयीनं कान देऊन ऐकलं. दारावरून पुढं गेली, शेजारी थांबली. चला, बसली बाई यंदाही. आणि मग हलगी पुन्हा सुरू झाली, पण देवळाकडं जाईना. जवळ यायला लागली. माझ्या दारात येऊन थांबली.

मी तशीच बाहेर आले. पुढं गजराक्का, दादांच्या चपला, कमरेवर घागर. मागं हलगीवाले. त्यांच्या मागं सगळी आळी. ती स्वतः त्यांना घेऊन आली होती.

"चल," ती म्हणाली.

माझ्या कानामागून मेंदीचा ओघळ गळ्यात उतरत होता. मी हलक्या आवाजात म्हटलं, "अक्का, मला कसं जमेल? मीही आता तुमच्यासारखीच. माझंही कुंकू गेलंय."

"म्हणून तर तुझ्या दारात आले. मी एकटी बसले तर लोक म्हणत्यात, म्हातारी हट्टी व्हती. दुसरी बसली की रीत झाली."

तिनं घागर माझ्या कमरेवर ठेवली. ती किती जड असते ते मला त्या दिवशी कळलं, मी किटलीवर सराव केला होता. आप्पा काठी टेकत पुढं आले, काहीतरी बोलणार होते, पण हलगी थांबली होती आणि दार माझं होतं. ते इतकंच म्हणाले, "शकू, डोकं तरी धुऊन घे."

डोकं अर्धंमुर्धं धुतलं, साडी गुंडाळली आणि गेले. देवळात गजराक्का माझ्याबरोबर उंबऱ्यापर्यंत आली. देवीसमोर उभी राहिली. मला वाटलं रडेल. तिनं हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "आई, एवढी वरसं जवळ बसवलंस. मला कुणी विचारत नव्हतं तवा बसवलंस, नको म्हणत व्हते तवाबी बसवलंस. लई उपकार झाले. आता हिला बसव. आन् माझं गुडघं मला परत दे, थोडं काम हाय." मग वळली. देवीकडं सरळ पाठ करून, घाई न करता, भर गर्दीतून चालत बाहेर गेली. दारात चपला घातल्या. फटक, फटक, फटक, लांबपर्यंत ऐकू येत होतं.

मी बसले. रांग सुरू झाली, आणि ह्या वेळी कुणाला धक्का द्यायची गरज पडली नाही. पोरीसोरी, बाया, खोल्यांवरच्या बिहारणी, माझ्यासारख्या मोकळ्या कपाळाच्या दोघी-तिघी, ज्या आजवर रांगेत उभ्याच राहत नसत. त्यातल्या एकीनं विचारलं, "मला लावशील?" मी लावलं. जरा मोठंच लावलं.

दुपारपर्यंत पाय गेले. पोटात आग पडलेली, बाहेरून भज्यांचा वास येत होता. ज्या जागेसाठी मी एवढी वर्षं जळले त्या जागेवर मी पायांना मुंग्या आलेल्या अशी बसले होते आणि गळ्यावर मेंदीचा तांबडा पट्टा वाळत होता. तेव्हापासून दर चैत्रात बसते आहे. म्हणून परवा त्या चार पोरांना मी एवढंच म्हटलं, हलगी माझ्या दारात येऊ द्या, पुढं कुठं न्यायची ते मी बघते. पोरं गेल्यावर भाऊसाहेबाला विचारलं, पाळण्यात बसायला वयाची काही अट असते का रे? त्याचा पाय पुन्हा हलायला लागला.

तर बसण्याच्या त्या पहिल्या दुपारी मी उजवीकडं बघितलं. जाळीची खिडकी होती, आणि तिच्यात, तिनं सांगितलं होतं तसं, पाळण्याचा सगळ्यात वरचा झोपाळा. माणसं वर येत होती, हसत होती, खाली जात होती. कुणी ओळखीची, कुणी नव्हती. मग एक झोपाळा वर आला. त्यात रिंकू होती, डोळे मिटून, दांडीला घट्ट मिठी मारून. तिच्या शेजारी गजराक्का. हातात भेळेचा पुडा. ती खात होती, आणि चावताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्यावरून मला कळलं, भेळ कुरकुरीत आहे. झोपाळा खाली गेला.

दुसऱ्यांदा वर आली तेव्हा तिनं सरळ खिडकीकडं बघितलं. ती कुठं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? जाळीमागची मी तिला दिसले नसणार, तरी तिनं पुडा उंच करून दाखवला. मला खुणवायचं होतं, पण दोन्ही बोटं हळदीकुंकवात बुडालेली आणि समोर बाई कपाळ पुढं करून उभी. झोपाळा पुन्हा खाली गेला. खिडकीत नुसतं आभाळ.

तिसऱ्यांदा वर आली तेव्हा पुडा संपला होता. तिनं दांडी धरली नव्हती. दोन्ही हात मोकळे, डोक्याच्या वर. तोंडावर पदर नाही, अर्धा तुटका दात उन्हात दिसत होता. खाली लोंबणाऱ्या पायांतला एक अनवाणी होता. दादांची एक चप्पल सुटून पडली होती, ती कुठं पडली ते संध्याकाळी कळलं. कमिटीच्या मांडवावर. आप्पांनी विचारायला माणूस पाठवला तर तिनं निरोप दिला, "ऱ्हाऊ द्या तिथंच," आणि दुसऱ्या पायातली चप्पल काढून त्या माणसाच्या हातात दिली.